पुढची सीट

हेमेंद्र रहांगडालेला या सौद्यात काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. खर्चाची बाजू पुढे आपोआप उघडी पडते. जमेची मात्र लोक विसरतात, आणि मग गोष्ट संपल्यावर म्हणतात, याला हे सुचलं तरी कसं.

तर जमेला पहिली शांतता. दुसरं आभाळ, तेही अख्खं, विजेच्या तारांनी न चिरलेलं. आणि तिसरं असं एक दार, जे उघडलं की समोर कोणी उभं नसेल. मोकळ्यावर राहणाऱ्याला या तिसऱ्या कलमाचं मोल कळायचं नाही. पण हेमेंद्र गोंदियाच्या बाजारातल्या गल्लीत जन्मला होता. खाली चष्म्याचं दुकान, वर घर, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. त्याला शिंक आली की भिंतीपलीकडून बांगड्यांचे व्यापारी चुन्नीलाल 'जीते रहो' म्हणत. घरात भाजी कोणती शिजली हे त्याला ताटावर बसण्याआधी पायरीवरच कळे, कारण तिथला पानवाला त्या भाजीचं नाव घेऊनच राम राम करी. दिवसभर गिऱ्हाइकांना 'हे दिसतं का, आता दिसतं का' विचारायचं, आणि वर येऊन खिडकी उघडली की स्वतःला समोरच्या माडीवर वाळणाऱ्या लुगड्यांपलीकडे काही दिसू नये, हे त्याला पन्नाशी जवळ आल्यावर फार लागायला लागलं.

म्हणून बिरसीच्या विमानतळाच्या अलीकडे, धानाच्या बांध्या सपाट करून पाडलेल्या प्लॉटांत त्यानं एक प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि तिथून दुकानात जायला बॅटरीवर चालणारी पांढरी गाडी घेतली. पेट्रोल वाचतं, हे तो लोकांना सांगायचं म्हणून सांगे. खरा सौदा वेगळा होता. त्या गाडीला आवाज नव्हता.

त्याच्या बायकोला, दामिनीला, हा व्यवहार पटला नव्हता. ती आमगावच्या भरल्या घरातली. गल्लीत येऊन तिनं दोन्ही भिंतींशी संसार जुळवला होता. सामान टेम्पोत चढत असताना तिनं एकच विचारलं, "तिथं मिरची संपली तं मागू कोणाले? विमानाले?"

चुन्नीलाल पायरीवर उभे होते. त्यांनी हेमेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाओ भैया. छींक आए तो फोन कर देना."

प्लॉटांच्या फाटकावर मोठा फलक होता. फलकावर बाग होती, देऊळ होतं, बसथांबा होता आणि थांब्यावर हसत उभं असलेलं एक जोडपं होतं. फलकामागे मात्र नुसते पांढरे दगड होते, ओळीनं रोवलेले, आणि त्यांच्यामधून अजूनही सवयीनं धानाची चुकार रोपं उगवत होती. धुकं पडलं की ते दगड तरंगत. कुठला रस्ता, कोणाचं अंगण, काही कळायचं नाही. एखादं गाव स्वप्नात पडावं आणि जाग येताना त्याचे फक्त कोपरे उरावेत, तसं. त्या दगडांच्या नगरातला हेमेंद्र पहिला नागरिक, आणि दामिनीच्या मते शेवटचाही. वर आभाळात विमान चालवायला शिकणारी पोरं घिरट्या घालत. तेवढी घरघर त्यानं आभाळाच्या नावे सोडून दिली.

सकाळी गाडी सुरू झाली हे त्याचं त्यालाही फक्त समोरच्या दिव्यावरून कळे. मग ती झोपेत कूस बदलल्यासारखी फाटकाबाहेर सरके. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी झालेल्या बांध्या, त्यांच्या ओलीवर उगवलेली कोवळी लाखोरीची डाळ, आणि बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाण्यावरून उठून रस्त्यावर चालत आलेलं धुकं. बोडीच्या काठाला सारसांची जोडी चरत असे. दुसरी कुठलीही गाडी आली की दोघं माना वर करीत. याची आली तरी चरतच राहत. हेमेंद्रला त्याचा असा अभिमान वाटे, जसं काही पंगतीत कोणी त्याला पहिलं पान वाढलं.

थंडी वाढली तसा पुढच्या सीटवर त्याचा बाप येऊन बसू लागला.

केशोराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण हेमेंद्र घाबरला नाही, त्यानं गाडीही थांबवली नाही. बाप-लेक जन्मभर एकाच काउंटरच्या दोन टोकांना उभे राहिले आणि दोघांच्या मध्ये कायम कोणीतरी गिऱ्हाईक होतं. वर घरात जावं तर भिंती ऐकत. बोलायचं सगळं तसंच राहून गेलं होतं. आता धुक्यात गाडी पुढं जाते आहे की रस्ताच मागं ओघळतो आहे ते कळेनासं झालं, आणि बाजूनं ते जुनं खाकरणं ऐकू आलं. मग बाप म्हणाला, "दुकानाच्या पाटीवरची धूळ पुसत जा रे." त्या दिवशी एवढंच. पुढं एकदा म्हणाला, "तुझा डावा नंबर वाढला हाये." हेमेंद्रनं दुकानात जाऊन तपासला, तर खरंच वाढला होता.

हळूहळू बोलणं मोठं होत गेलं. आईच्या आजारपणात कोणाचं चुकलं, ते निघालं आणि मिटलंही. बापाला चष्म्याचं दुकान कधी नकोच होतं, त्याला छोट्या लाइनीच्या रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं, हे हेमेंद्रला बापाच्या मरणानंतर त्याच रस्त्यावर कळलं. शहर जवळ आलं, रिक्षांचे भोंगे सुरू झाले की केशोराव विरत जात; आधी आवाज, मग टोपी. मेलेला बाप गाडीत बसतो हे हेमेंद्रनं दामिनीलाही सांगितलं नाही. शहाणा माणूस नफा सांगत फिरत नाही.

आता या रस्त्यावरची दुसरी गाडी.

प्लॉटांच्या पुढं मोहाचं एक जुनं झाड होतं. तिथं पलीकडच्या टोलीची, शेतांमधल्या लहानशा वस्तीची, पायवाट डांबरी रस्त्याला मिळे आणि तिथं योगराजची जीप उभी राही. टोलीतलं कोणी गोंदियाला निघालं की याच जीपनं. बाजार, दवाखाना, कचेरी, लग्नाचं कापड, सगळं तिच्यातूनच जाई आणि दुपारी तिच्यातूनच परत येई. जीपला वेळापत्रक नव्हतं, एक नियम होता: भरल्याशिवाय हलायचं नाही. अर्धी भरली तर डिझेलही निघत नसे. म्हणून योगराज बोनेटवर टेकून बिडी ओढी, आत बसलेले बाहेरच्यांना हाका मारीत, आणि शेवटचा माणूस पायवाटेवर दिसला की सगळी जीप त्याला शिव्या घालून आनंदानं सरकून जागा करी. योगराजची बायको दुर्गा कधीमधी माहेरी जायला निघे, तेव्हा ती पुढं नवऱ्याच्या बाजूला बसे, राणीसारखी.

एका सकाळी जीपमध्ये जागा असूनही दुर्पता नावाची म्हातारी रस्त्याच्या कडेला उभी होती, शिंगाड्यांची ओली टोपली डोक्यावर घेऊन. हेमेंद्रनं गाडी हळू केली आणि काच खाली घेऊन विचारलं, "गोंदियाले येता का जी?"

यात त्याचा काही दोष नव्हता. गल्लीत शटर ओढता ओढता 'या, चहा घ्या' म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं 'नको, आताच झाला' म्हणून पुढं जायचं असतं. चहाही वाचतो आणि शब्दही राहतो. हेमेंद्रनं त्याच हिशेबानं विचारलं होतं. पण टोलीत तशी पद्धत नाही. तिथं माणूस विचारतो ते द्यायचं असतं म्हणून विचारतो, आणि नको असेल तो नको म्हणतो.

"येतो ना," दुर्पता म्हणाली. "कायले नाही?"

तिनं टोपली मागच्या सीटवर ठेवली, पुढचं दार उघडलं आणि बसली. हेमेंद्र चटकन अंग चोरून बसला, कारण त्याला वाटलं, ती बापाच्या मांडीवरच बसली आहे. बोडीपर्यंत तो कानोसा घेत होता. खाकरणं आलं नाही. टोपलीतलं पाणी मात्र थेंब थेंब गळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुर्पतासोबत मनिराम होता. त्याच्या गुडघ्याला जीपची उंच पायरी झेपत नव्हती. नंतर एक पोतं घेऊन सुमित्राबाई आली. सगळी भली माणसं. दामिनीसाठी कोणी पाटोडीला अळूची पानं देई, कोणी पेरू. लवकरच टोलीतल्या बाया दुपारी तिच्या अंगणात बसायला येऊ लागल्या, आणि मिरची संपली तर मागायला माणसं झाली. दामिनी म्हणाली, तुमचं नगर वसून राहिलं हो, आता थांबा तेवढा बांधा. तिचा चेहरा गल्लीत होता तसा झाला. तो नफा हेमेंद्रनं सौद्यात धरलेलाच नव्हता.

तोटा कुठं पडत होता ते त्याला दिसत होतं, पण न पाहण्याजोगं दिसत होतं. तो नेई ती माणसं तीनच. पण जीप भरायला कमी पडत ती तीनच. आत बसलेले उन्हं वर येईपर्यंत बसून राहत, योगराजची बिडी विझे, आणि मग एकेक जण उतरून म्हणे, उद्या चष्मेवाल्याच्या गाडीचं पाहू. उद्या पांढऱ्या गाडीपुढं आणखी दोघं वाढत. त्यांना जागा नसे. जीपमध्ये जागाच जागा असे, आणि ती हलत नसे.

रविवारी योगराज घरी आला. अंगणात खुर्ची दिली तर तो पायरीवर बसला. दामिनीनं चहा दिला, तो त्यानं बशीत ओतून पूर्ण प्यायला. इकडचं तिकडचं बोलला, सारसांनी यंदा अंडी कुठं घातली होती ते सांगितलं, गाडी एका रात्रीच्या चार्जिंगमध्ये किती चालते ते विचारलं, आणि ऐकून मनापासून वाखाणलं.

मग म्हणाला, "तुमच्या गाडीले आवाज नाही भाऊ, पण माही बंद पाडून राहिली."

हेमेंद्र म्हणाला की त्याचा तसा विचार नव्हता. म्हातारी माणसं दिसतात म्हणून थांबतो.

"मी कुठं वाईट म्हनून राहिलो? नेता तं सबन न्या. सकाळी न्या, दुपारी आना, रातच्याले कोनाच्या पोटात दुखलं तं तेव्हाही उठा. मी तेच करतो. नाही तं एकालेही नका नेऊ. हे मधातलं पुन्य मले मारून राहिलं."

हेमेंद्रनं तिथल्या तिथं शब्द दिला: उद्यापासून गाडी थांबणार नाही. शब्द देताना त्याला फार हलकं वाटलं. योगराजचं पोट वाचत होतं आणि त्याची पुढची सीट रिकामी होत होती. ज्यात धर्म आणि फायदा एकाच बाजूला पडतात असं वचन माणसाला जन्मात फार वेळा द्यायला मिळत नाही. योगराज उठला, दामिनीला येतो माय म्हणाला आणि फलकावरच्या बसथांब्याकडे पाहत निघून गेला.

सोमवारी धुकं इतकं दाट होतं की मोहाचं झाड नुसत्या सावलीसारखं आलं. सावलीखाली चार-पाच आकृत्या होत्या, एकीच्या डोक्यावर टोपली. त्यांनी हात वर केले. हेमेंद्रनं नजर समोर ठेवली आणि गाडी त्यांच्या अंगावरून वारा जावा तशी निघून गेली. ना घरघर, ना धूर. मागं काही घडलंच नाही असं वाटावं इतकं ते सोपं होतं.

बोडी आली. सारस चरत होते. पुढची सीट रिकामी होती आणि हेमेंद्र वाट पाहत होता. बरंच अंतर गेल्यावर खाकरणं आलं.

"मागं कोनी हात केला होता ना रे?" केशोरावांनी विचारलं.

हेमेंद्रनं आरशात पाहिलं; मागं नुसतं धुकं होतं. ज्याला इंजिन चालवायचं होतं त्याला, हात केलेला माणूस सोडून गाडी पुढं जाते तेव्हा काय वाटतं, हे हेमेंद्रला त्या घटकेला समजलं. पण शहर जवळ आलं होतं, भोंगे सुरू झाले होते आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं.

आता खरं तर गोष्ट इथं मार्गी लागायची. न थांबणाऱ्या गाडीची वाट कोण पाहतो? दोन दिवसांत माणसं जीपमध्ये गेली असती, जीप भरली असती, हलली असती. पण टोलीच्या हिशेबात एक कलम नव्हतं. ओळखीचा माणूस आपल्याला बघून, जागा असून, मुद्दाम सोडून जाईल, हे त्यांच्या मनालाच शिवलं नाही. झाडाखाली निकाल लागला की चष्मेवाल्याला धुक्यात दिसलं नाही. मनिराम म्हणाला, दुसऱ्याचे नंबर काढता काढता बिचाऱ्याचाच वाढला. म्हणून मंगळवारी ते लवकर आले, झाडाखालून निघून पार डांबराच्या मधोमध उभे राहिले, आणि दुर्पतानं लाल लुगड्याचा एक तुकडा काठीला बांधून आणला होता. तो ती हलवत होती, छोट्या लाइनीवर गार्ड हलवत असे तसा.

लाल कापडासमोर हेमेंद्रला गाडी थांबवावीच लागली.

"दिसलं ना आता?" दुर्पतानं दार उघडत विचारलं. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर तो सुटला असता. 'मी शब्द दिला आहे, मी नेणार नाही' हे वाक्य तो घरून तयार करून आला होता. ते अशा माणसांना सांगायचं होतं ज्यांनी त्याच्यासाठी कालच्या नकाराला आंधळेपणाचं पांघरूण घातलं होतं. वाक्य तोंडातच राहिलं. दुर्पता बसली, मनिराम बसला, सुमित्राबाई पोत्यासकट बसली. सामान लावताना हेमेंद्रनं नजर वर केली. झाडापलीकडे योगराज जीपच्या बोनेटला टेकून उभा होता आणि पाहत होता. त्यानं हात वर केला नाही. नुसती मान हलवली, जशी समोरचं गिऱ्हाईक 'आता दिसतं' म्हणताना हलवतं.

संक्रांतीच्या आत जीप विकली गेली. योगराज रायपूरकडे कोणाच्या तरी मालाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून निघून गेला. महिन्या-दोन महिन्यांनी येतो म्हणाला. झाडाखाली जीपच्या तेलाचा डाग तेवढा राहिला, आणि कुत्री सवयीनं जीपच्या सावलीला येऊन बसू लागली, ती सावली नव्हती तरी.

मग योगराजनं सांगितलेलं एकेक कलम हेमेंद्रच्या दारी आलं. सकाळी सबन मावत नव्हते म्हणून तो दोन खेपा करू लागला. दुपारी आणायला कोणी नव्हतं, म्हणून शिंगाडे विकून झालेली दुर्पता चष्म्याच्या दुकानातल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राही; तिच्या शेजारी मनिराम, पोत्यावर सुमित्राबाई. गिऱ्हाइकं नंबर काढायला आली की तिघं मिळून भिंतीवरची अक्षरं न वाचताच सल्ले देत. सकाळ फुकट झाली होती, पण दुपार महाग पडली होती, आणि घरी त्यांची लेकरंबाळं, शेळ्या त्या महागाईचा वाटा उचलत होती. भिंतीपलीकडच्या चुन्नीलालनी एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "वाह भैया. गली छोड़कर गए, गली वापस ले आए."

टोलीची गाडीबद्दल एकच तक्रार होती. ती आली कधी हे घरात कळत नाही, जीपची घरघर कशी नाल्यापासून ऐकू यायची. म्हणून मग हेमेंद्रला फाटकातून निघाल्या निघाल्या हॉर्न वाजवायला सांगण्यात आलं. एकदा नाही, तीनदा, लांब. पहिल्या हॉर्नला सारसांची जोडी माना वर करून उभी राहिली. दुसऱ्याला उडाली. पांढऱ्या दगडांवरून, धुक्यातून, दोन मोठे पंख संथ हलत गेले, आणि हेमेंद्र त्यांच्याकडे पाहत राहिला तोवर मोहाखाली माणसं गोळा झाली होती.

एका सकाळी त्यांच्यात दुर्गा होती. माहेरी निघाली होती. दुर्पतानं तिला पाहिलं, पुढचं दार सोडलं आणि मागं जाऊन बसली. दुर्गा पुढं बसली. पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली, आणि सगळा रस्ता समोरच्या काचेतून पाहत राहिली. गाडीत कोणी बोललं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिथं ती जुनी शांतता होती, आणि हेमेंद्रला ती सोसवेना. तो बाजूनं खाकरणं येतं का ते ऐकत होता. रेल्वेफाटकापाशी उतरताना दुर्गानं कमरेच्या चंचीतून जीपच्या भाड्याएवढे पैसे काढले आणि गिअरशेजारच्या खोबणीत ठेवले.

"वहिनी," हेमेंद्र म्हणाला, "ही जीप नाही. मी कोणाकडून घेत नाही."

"मालूम हाये," दुर्गा म्हणाली. "जीप असती तं मी कायले देले असते?"

तर हिशेब असा बसला. आभाळ हेमेंद्रला मिळालं, ते अजून आहे. दामिनीला गल्ली मिळाली. दुर्पता आणि मंडळींना फुकटची सकाळ मिळाली, तिची किंमत ते दुपारी देतात. सारस बोडी सोडून गेले, केशोराव पुन्हा बसले नाहीत, योगराज मालाच्या गाडीवर रात्री जागतो आहे. हेमेंद्रच्या पांढऱ्या गाडीत आजवर शेकड्यानं माणसं बसून गेली असतील. भाडं मात्र दुर्गानंच दिलं, आणि जाते तेव्हा अजूनही देते.